फोटो नाही, आठवण आहे. जंगलातली ती रात्र रंगवायची कशी?

सागपान (परतवाडा)

नमस्कार मंडळी. या गटात वर्षभर नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय.

मी १९८७ साली वनरक्षक म्हणून मेळघाटात लागलो आणि २०२१ साली वनपाल म्हणून निवृत्त झालो. मधली पाच-सहा वर्षं सोडली तर सगळी नोकरी सेमाडोह, हरिसाल, कोलकास याच पट्ट्यात गेली. निवृत्तीनंतर जलरंग शिकायला घेतले. दर रविवारी एसटीनं अमरावतीला क्लासला जातो. सर जीव लावून शिकवतात. वॉश (पातळ रंगाचा थर) कसा द्यायचा, कागद किती ओला ठेवायचा, हे सगळं त्यांच्याकडूनच आलं. तिथं आम्ही फोटोवरून चित्रं करतो. आतापर्यंत साठेक झाली असतील.

मागच्या महिन्यात माझ्याबरोबरचा एक जुना फायर वॉचर बायकोला दवाखान्यात दाखवायला परतवाड्यात आला होता. कोरकू माणूस. बारा वर्षं आम्ही एकाच बीटात होतो. चहाला घरी आला. समोरच्या भिंतीवर सुनेनं फ्रेम करून लावलेलं माझं सिपना नदीचं चित्र आहे, कोलकासचं. त्यानं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "साब, ये कहाँ का है?"

ज्या पाण्यात आम्ही दोघांनी शंभर वेळा तोंडावरची काजळी धुतली, ते पाणी त्याला ओळखू आलं नाही. फोटो सिपनाचाच होता, एका पर्यटकानं विश्रामगृहाच्या बाजूनं काढलेला. चित्रही फोटोबरहुकूम झालं होतं. तरी त्यात आमची नदी नव्हती. त्या दिवसापासून मन लागत नाही.

मला जे काढायचंय त्याचा फोटो कुणाकडेच नाही. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. मोह वेचायच्या आधी झाडाखालचा पाला कुणीतरी जाळला आणि ती आग वर चढली. सागाचा पाला तेव्हा इतका वाळलेला असतो की पाय ठेवला तर पापडासारखा मोडतो. आम्ही सात जण. ब्लोअर मशीन तेव्हा आमच्याकडे नव्हती, हिरव्या फांद्या तोडायच्या आणि झोडपायचं. आग उताराला लागली की वर पळते, माणसाच्या पायाहून वेगानं. म्हणून वरच्या जाळरेषेवर, म्हणजे आग अडवायला आधीच साफ ठेवलेल्या पट्ट्यावर, जाऊन थांबलो आणि तिथून समोरून जाळत खाली आलो. रात्री वारा पडला तेव्हा आटोक्यात आली. तीन वाजले असतील.

मग आम्ही खालच्या जाळरेषेवर बसलो. समोरचा अख्खा उतार विझलेला, पण बुंधे, ओंडके, शेणाचे पो धगधगत होते. घाटातून रात्री खालचं गाव दिसतं तसं. मधोमध एक पोकळ सालई उभी जळत होती. बाहेर ज्वाळा नव्हती. बुंध्याला एक भोक, त्यातून भट्टीसारखा उजेड, आणि आतून लोहाराच्या भात्यासारखा आवाज. पाण्याचा पाच लिटरचा डबा हातोहात फिरत होता, पाण्याला धुराची चव लागत होती. कुणी बोलत नव्हतं. तेवढ्यात उजव्या अंगानं सांबराची मादी आली, मागे पिल्लू. राखेत उभी राहिली, आमच्याकडे पाहिलं आणि त्या सालईसमोरून शांतपणे निघून गेली. वाळल्या पाल्यात उंदीर पळाला तरी ऐकू येतो. राखेत एवढ्या मोठ्या जनावराचं पाऊल वाजलं नाही.

हे चित्र मी चार वेळा केलं. चारही वेळा रात्र काळी झाली, आग नारिंगी झाली आणि दिवाळीचं भेटकार्ड तयार झालं.

माझा प्रश्न असा. फोटो नसताना, स्वतःच्या अंगावरून गेलेली गोष्ट कागदावर कशी आणायची? सुरुवात कुठून करायची? आणि जंगलात, पाण्यावर, उन्हातान्हात स्वतः राहिलेले, तेच काम केलेले चित्रकार झालेत का? ते कसं करायचे?

*

रविवार_स्केच (पुणे)

काका, नमस्कार. फोटोवर फार रागावू नका. फोटो दुसऱ्याचा होता ही खरी अडचण आहे. आमचा ग्रुप दर रविवारी जागेवर बसून चित्रं काढतो, मग मी घरी फोटोवरून पूर्ण करतो. पण फोटो मी जिथं बसलो होतो तिथूनच काढलेला असतो. त्या रात्रीच्या चित्रासाठी एखाद्या संध्याकाळी त्याच जागेवर जाऊन बसता आलं तर पहा. आगीचा नाही, पण उताराचा आकार तरी नक्की मिळेल.

*

ओंटारिओकर (टोरोंटो)

काका, तुमची पोस्ट रात्री वाचली आणि झोप लागेना, म्हणून सकाळी आधी हेच लिहितेय. तुम्ही विचारलंत की तेच काम केलेले चित्रकार झालेत का. एक झालाय, आणि तो काही काळ अगदी तुमच्याच कामावर होता.

टॉम थॉमसन. जन्म १८७७. इथं टोरोंटोत जाहिरातींची, छपाईची डिझाइनं करणाऱ्या कंपनीत नोकरी करायचा. १९१२ साली पहिल्यांदा अल्गॉन्क्विन पार्कात गेला, म्हणजे पस्तिशीला आल्यावर. इथून तीनेक तासांवरचं मोठं जंगल आहे ते, तळ्यांनी भरलेलं. तिथं तो कनू (हलकी, निमुळती होडी) वल्हवायचा, मासे धरायचा, लोकांना वाट दाखवायला गाइड म्हणून जायचा. आणि १९१६ च्या उन्हाळ्यात पार्काच्या पूर्वेकडच्या भागात, ग्रँड लेक नावाच्या तळ्याच्या बाजूला, तो फायर रेंजर होता. वणव्यावर नजर ठेवायची हीच नोकरी.

त्या वर्षी त्यानं आपल्या एका डॉक्टर आश्रयदात्याला पत्रातून कळवलं होतं की चित्रं फारशी झाली नाहीत, ही दोन कामं एकमेकांत बसत नाहीत. तुम्हाला हे वाचून बरं वाटावं म्हणून सांगते. नोकरीत असताना तुम्ही चित्रं काढली नाहीत यात तुमचं काहीही चुकलेलं नाही.

त्याची जागेवरची चित्रं लहानशा लाकडी फळ्यांवर आहेत. बहुतेकांचं माप साधारण २१.६ बाय २६.७ सेंमी, म्हणजे शाळेच्या वहीएवढं. मांडीवर पेटी उघडायची, तिच्यातच फळी, तिच्यातच तैलरंग. अशी चारेकशे चित्रं आहेत. मी क्लाइनबर्गच्या मॅकमायकल संग्रहालयात ती जवळून पाहिलीत. काचेला नाक लागेल एवढं जवळ गेलं की दिसतं, रंगाच्या दोन फटकाऱ्यांच्या मधून फळीचं लाकूड तसंच उघडं आहे. पूर्ण भरायच्या मागे तो लागलाच नाही. तो शहरात ज्या खोपटात राहायचा आणि मोठी चित्रं करायचा तेही आता त्याच संग्रहालयाच्या आवारात आणून ठेवलंय.

तुमच्यासाठी मुद्दाम सांगावंसं वाटतं ते त्याचं जळलेल्या जंगलाचं चित्र. टोरोंटोच्या आर्ट गॅलरीत आहे, १९१५ चं. नाव साधं, आगीनं झोडपलेल्या टेकड्या अशा अर्थाचं. त्यात ज्वाळा अजिबात नाहीत. वर जळके खांब उभे, आणि खाली दगड-माती-राख यांचा असा कोसळ की पाय ठेवला तर घसरेल. लाल, जांभळा, निळसर, सगळे रंग त्या जळक्या जमिनीत आहेत. आग बघायला गेलेला माणूस ज्वाळा रंगवतो. दुसऱ्या दिवशी त्या राखेतून ज्याला चालावं लागतं, तो हे रंगवतो.

त्याचं सगळ्यात प्रसिद्ध चित्र म्हणजे 'द जॅक पाइन', ओटावाच्या राष्ट्रीय संग्रहालयातलं. त्याचं छोटं स्केच त्याच १९१६ साली ग्रँड लेकवर झालं, फायर रेंजर असताना. मोठं चित्र त्या हिवाळ्यात टोरोंटोत केलं, सव्वा मीटरहून मोठं. त्या झाडाची एक गोष्ट इथं आल्यावर मला कळली. जॅक पाइनचे कोन राळेनं घट्ट बंद असतात आणि वणव्याच्या उष्णतेनं उघडतात. आग गेल्यावर बी पडतं. चित्रात झाडाच्या कडेकडेनं खालचा लाल थर दिसत राहतो. त्याच्या मनात आग होती की नाही ते मी सांगू शकत नाही, पण मला दर वेळी तिथं धग जाणवते.

जुलै १९१७ मध्ये कनू लेकवर तो बेपत्ता झाला, आठ दिवसांनी पाण्यात सापडला. ३९ वर्षांचा होता. हातात मिळून पाच-सहा वर्षं.

काका, अर्ध्या शीटवर करू नका. वहीएवढा कागद घ्या. त्या रात्रीची एकच गोष्ट एका कागदावर. सांबर वेगळं, सालई वेगळी, पाण्याचा डबा वेगळा.

*

सागपान

ताई, तुमचं उत्तर मी तीनदा वाचलं. "ही दोन कामं एकमेकांत बसत नाहीत" हे घरात सगळ्यांना वाचून दाखवलं.

बंद कोन आगीनं उघडतात हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे आगीचं कारण बहुतेक माणूसच असतो. मोहाखालचा पाला पेटवतात, म्हणजे पडलेलं फूल स्वच्छ दिसतं. तेंदूला नवी पानं चांगली फुटावी म्हणूनही लावतात. पोटासाठी करतात, मी त्यांना चोवीस तास गुन्हेगार समजू शकलो नाही, आणि नोकरी म्हणून सोडूही शकलो नाही. आगीनंतर पहिला पाऊस पडला की त्या काळ्या जमिनीतून गवताची हिरवी सुई वर येते. तो हिरवा रंग मला अजून कुठल्याच ट्यूबमध्ये सापडलेला नाही.

*

गळ_आणि_गेरू (रत्नागिरी)

दादा, मी खाडीवरचा माणूस. लहानपणापासून गळ टाकतो आणि वीस वर्षं जलरंग करतो. मला तुम्हाला एकच प्रश्न विचारायचाय. त्या रात्री तुमचा डोळा जमिनीपासून किती उंचीवर होता?

का विचारतो ते सांगतो. विन्स्लो होमर नावाचा अमेरिकन चित्रकार होता, १८३६ ते १९१०. सुरुवातीला नियतकालिकांसाठी यादवी युद्धाची चित्रं काढायचा. पुढे मेन राज्यात प्राउट्स नेकला समुद्राच्या कड्यावर जाऊन राहिला. स्वतः पक्का मासेमार. न्यूयॉर्कच्या उत्तरेला ॲडिरॉन्डॅकचं डोंगरी जंगल आहे, तिथल्या शिकार-मासेमारीच्या एका क्लबचा तो १८८६ पासून सभासद होता आणि वर्षानुवर्षं जात राहिला. तिथले गाइड, लाकूडतोडे, कुत्रे, ट्राउट मासे, होड्या, हे सगळं त्यानं जलरंगात केलं.

त्याची मासेमारीची चित्रं मी संगणकावर मोठी करकरून पाहिली. दोरी टाकणाऱ्याची जी दोरी हवेत असते ती त्यानं रंगवलेलीच नाही. रंग वाळल्यावर धारदार टोकानं कागद खरवडून काढलीय. एका ओढीत, हात उचलायचा नाही. ज्यानं स्वतः दोरी टाकलीय त्यालाच कळतं की ती हवेत कुठं ताठ असते आणि कुठं सैल पडते. ते वळण डोळ्यांनी पाहून येत नाही, मनगटातून येतं. मी स्वतः ब्लेडनं करून पाहिलं, शंभरेक कागद फाडले असतील, तेव्हा कुठं एक बरी ओळ आली.

आता उंचीचं. त्याचं १८८५ चं एक तैलचित्र आहे, बोस्टनच्या संग्रहालयात. एकटा कोळी लहान होडीत, होडीत मोठे हॅलिबट मासे, तो मागे वळून लांबच्या जहाजाकडे आणि क्षितिजावर चढणाऱ्या धुक्याकडे पाहतोय. पाहणाऱ्याचा डोळा जवळजवळ पाण्याला लागलाय. म्हणून ती लाट एवढी मोठी वाटते. आपल्या खाडीत भरतीच्या वेळी होडीत बसलं की अगदी तसंच दिसतं. आणि हे चित्र त्यानं भर समुद्रात नाही केलं. वाळूच्या उंचवट्यावर होडी तिरकी टेकवली, शेजाऱ्याला तिच्यात बसवलं आणि पाहिलं. समुद्र त्याला पाठच होता. हवा होता तो बसण्याचा कोन.

तेव्हा त्या रात्रीच्या जागेवर जाता नाही आलं तरी चालेल. तुम्ही बसला होता तसे बसा.

जाता जाता, त्याचं १८९४ चं एक जलरंगातलं चित्र आहे, 'ओल्ड फ्रेंड्स' नावाचं. एक म्हातारा जंगलवाला मोठ्या झाडापाशी उभा आहे. झालं, एवढंच. तुम्ही ते पहाच.

*

कोटितीर्थ (कोल्हापूर)

साहेब, मी निवृत्त ड्रॉइंग मास्तर. रंगाचं बोलतो, कारण वरच्या मंडळींनी बाकीचं चांगलं सांगितलंय.

तुमची आग दिवाळीसारखी होते कारण तुम्ही आग रंगवताय. जलरंगात उजेड रंगवता येत नाही, तो राखून ठेवावा लागतो. उजेड म्हणजे कोरा कागद. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, कागद घ्या. सालईचं भोक आधी पेन्सिलीनं हलकं आखा आणि ते कोरं ठेवा. त्याच्याभोवती ओल्या कागदावर अगदी पातळ पिवळा, तो बाहेर जाताना बर्न्ट सिएनात (तांबूस तपकिरी) मिसळू द्या. हे पूर्ण वाळू द्या. घाई केली की संपलं. मग अंधार. काळ्या रंगाची ट्यूब घरात कुणाला तरी देऊन टाका. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना दाट कालवा, भोकाच्या कडेला सिएना जास्त, लांब जाईल तसा अल्ट्रामरीन जास्त. सगळ्यात गडद अंधार उजेडाला चिकटून यायला हवा. आगीकडे पाहणाऱ्या डोळ्याला तिच्या शेजारचं काहीच दिसत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. नारिंगी वापरायचा तर तांदळाच्या दाण्याएवढा, तोही एकाच ठिकाणी.

दुसरी गोष्ट. आमच्या कोल्हापुरात आबालाल रहिमान होऊन गेले. मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये शिकले, शाहू महाराजांच्या दरबारात चित्रकार होते. त्यांचं राहणं कोटितीर्थ तळ्याच्या काठी होतं, आणि त्या परिसराची निसर्गचित्रं त्यांनी पुन्हा पुन्हा केली. १९३१ साली गेले. मोठ्या शहरात जाऊन नाव कमावता आलं असतं, पण त्यांना तळ्याच्या काठाशी काम होतं. मी लहान असताना आमचे मास्तर आम्हाला त्या काठावर घेऊन जायचे आणि म्हणायचे, आज फक्त पाण्याची कड काढा. पाणी नको, काठ नको, कड. चार महिने तेच केलं. तुमची सिपना तुम्ही किती वेळा काढलीत? एकदा, तीही दुसऱ्याच्या फोटोवरून. पुन्हा काढा.

आणि एक विचारतो. तुम्हा लोकांना रोजची दैनंदिनी लिहावी लागते ना? जुन्या वह्या आहेत का?

*

डहाणूची_बाई

मी आदिवासी पाड्यावरच्या शाळेत शिकवते, चित्रकलेचं शिक्षण नाही. तरी लिहिते. आमच्याकडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र आठवलं. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. त्या चित्रात क्षितिज नाही, लांबचं लहान आणि जवळचं मोठं हा हिशोब नाही. जाळंच जाळं, कागदभर, एकेक घर बारीक पांढऱ्या रेषेनं विणलेलं. जाळं ओढणाऱ्याला तेव्हा जग तेवढंच असतं. आमची मुलंसुद्धा भाताची लावणी काढतात तेव्हा आधी वाकलेली पाठ काढतात, शेत मागून येतं. तुमच्या त्या रात्रीत सगळ्यात मोठं काय होतं, ते कागदावर सगळ्यात मोठं असू द्या.

*

सागपान

मंडळी, पाच आठवड्यांनी लिहितोय. मधे बराच उद्योग केला.

रत्नागिरीच्या दादांनी उंची विचारली, तिथून सुरू करतो. त्याच रात्री अंगणातला दिवा बंद केला आणि जमिनीवर पाय पसरून बसलो, त्या रात्री बसलो होतो तसा, हात मागे टेकून. बायकोला म्हटलं, टेप आण. डोळा जमिनीपासून अडीच फुटांवर भरला. मग घरात जाऊन माझी चारही चित्रं काढली. चारही चित्रांत मी तो उतार वरून पाहिला होता, एखाद्या पॉइंटवरून पाहावा तसा. खरं तर उतार माझ्यासमोर भिंतीसारखा उभा होता. निखारे डोळ्याच्या वर होते, पार वरपर्यंत, आणि त्यांच्यावर जिथं निखारे संपले तिथून तारे सुरू झाले. नेमकं कुठं संपले आणि कुठं सुरू झाले ते बसल्या जागेवरून कळत नव्हतं. हे मी इतकी वर्षं विसरलो होतो. पाय पसरून बसलो तेव्हा आठवलं.

सिपनाचंही तेच झालं होतं. पर्यटकाचा फोटो उभ्यानं आणि उंचावरून घेतलेला. आम्ही नदी पाहिली ती वाकून, ओंजळ भरताना.

कोल्हापूरच्या मास्तरांनी दैनंदिनी विचारली. सरकारी प्रती कचेरीत जमा केल्या, पण कच्ची टिपणं मी खिशातल्या वहीत करायचो, त्यातल्या अकरा वह्या पत्र्याच्या पेटीत निघाल्या. त्या रात्रीचं पान सापडलं. त्यात असं लिहिलंय: धूर दिसला ९.४०, हजर ७, वारा पश्चिमेकडून, १ नंतर पडला, विझली ३.१०, क्षेत्र अंदाजे ४ हेक्टर, चंद्र उशिरा. सांबराबद्दल एक अक्षर नाही, सालईबद्दल नाही. पण "चंद्र उशिरा" यानं माझं मोठं काम झालं. आम्ही बसलो तेव्हा चंद्र नुकताच वर आलेला असणार, आमच्या पाठीमागून. म्हणजे समोरच्या राखेवर करडा, दुधाळ उजेड होता. तरीच सांबर मला दिसली. आगीच्या उजेडात ती दिसली असं मी इतके दिवस समजत होतो, पण सालईच्या भोकातून येणारा उजेड तिच्यापर्यंत पोचतच नव्हता. ती भोकासमोरून गेली तेव्हा एका क्षणापुरती काळी झाली, आणि पुढं गेल्यावर परत करडी.

वहीएवढे कागद कापले. पहिले आठ दिवस फक्त राख काढली. टोरोंटोच्या ताईंनी सांगितलं होतं की जळक्या जमिनीत सगळे रंग असतात. आठवून पाहिलं तर खरंच होतं. सागाचं पान जळून गेलं तरी त्याची जाळी काही वेळ जशीच्या तशी पांढरी उरते, फुंकर घातली की मोडते. बांबू जळला की राख जरा निळसर पडते. दगडाची एकच बाजू काळी होते, आग ज्या बाजूनं आली ती. ही माहिती माझ्या पायाला होती, हाताला नव्हती.

काळी ट्यूब नातवाला दिली.

सालईचं भोक कोरं ठेवायला मला सहा कागद लागले. दर वेळी हात आपोआप तिथं रंग घेऊन जायचा. सातव्याला धीर धरला. अंधार वाळल्यावर ब्लेडचं टोक घेऊन वरती चार ठिणग्या खरवडल्या, दादांच्या दोरीसारख्या एका झटक्यात. तीन बऱ्या आल्या, चौथीला कागद फाटला, ती तशीच ठेवली.

डहाणूच्या ताई, तुमचं वाचून मी विचारात पडलो की त्या रात्री सगळ्यात मोठं काय होतं. आग नव्हती. राखेत न वाजलेलं पाऊल होतं. ते कसं काढायचं ते मला अजून समजलेलं नाही. सध्या एवढंच केलंय की सांबराच्या पायाखाली रेषा नाही, सावली नाही, खूर राखेत विरघळू दिलेत.

सरांना क्लासमध्ये दाखवलं. त्यांनी आधी विचारलं, रेफरन्स कुठला? मी खिशातली वही पुढं केली. त्यांनी ते पान सावकाश वाचलं आणि म्हणाले, पुढच्या रविवारी सगळ्यांना असंच काहीतरी घेऊन यायला सांगतो.

*

ओंटारिओकर

काका, चंद्राचं वाचून अंगावर काटा आला. चित्राचा फोटो इथं टाकाल का? आणि तुमच्या त्या फायर वॉचर दादांना दाखवलंत का?

*

सागपान

ताई, फोटो टाकीन, पण हे नाही, पुढचं. का ते सांगतो.

परवा तो बायकोला घेऊन पुन्हा तपासणीला आला होता. चहा ठेवला. चित्र भिंतीवर लावलं नव्हतं, टेबलावर पसरलेल्या कागदांत पडलं होतं. त्यानं स्वतःच उचललं. खिडकीपाशी नेलं. मी काही बोललो नाही.

बऱ्याच वेळानं त्यानं सालईच्या भोकावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "साब, इसका मुँह उधर था. नाले की तरफ."

मी म्हटलं, नाही रे, आपल्याकडे होतं, उजेड सरळ तोंडावर येत होता. तो नाही म्हणाला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे तो माझ्या डावीकडे, नाल्याच्या बाजूला बसला होता, म्हणून भोक त्याला सरळ दिसत होतं, आणि मला नुसता त्याचा कडेचा उजेड दिसत असणार. मग त्यानं टेबलावरच्या बिस्किटांनी दाखवलं, कोण कुठं बसलं होतं. सात बिस्किटं. त्यातले दोघे आता नाहीत. पाण्याचा डबा कुणाकडून कुणाकडे गेला तेही त्याला पाठ होतं. सांबर कुठून आली यावर मात्र आमचं एकमत झालं. तिच्या पिल्लाचा एक कान फाटलेला होता असं तो म्हणतो. ते मी पाहिलेलं नाही.

तेव्हा सालईचं तोंड नाल्याकडे वळवून परत करतोय. म्हणजे आता भोक समोरून नाही, कडेनं दिसणार, आणि कोरा कागद राखायचा तो नखाएवढाच. मास्तर, एवढ्या बारीक जागेसाठी मास्किंग फ्लुइड (कागद कोरा राखायला लावतात आणि नंतर सोलून काढतात ते द्रव) लावू, की हातानंच राखू? आमच्याकडे ते मिळत नाही, अमरावतीहून आणावं लागेल, म्हणून रविवारच्या आत सांगाल तर बरं.